विंडोज ११ टाकल्यावर जुनी सॉफ्टवेअरं बंद पडली? फॉरमॅट मारण्याआधी हे करून बघा

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि तेव्हापासून माझ्या फोनवर एकच तक्रार वेगवेगळ्या आवाजांत येते: "मॅडम, विंडोज ११ टाकली आणि सॉफ्टवेअर गेलं." सातारा आणि आसपासच्या तालुक्यांतले छापखाने, डीटीपीवाले, पतसंस्था आणि काही सीए ऑफिसं यांची मशिनं मी सांभाळते. या मंडळींची सॉफ्टवेअरं जुनी असतात. पेजमेकर ७ हे पानं रचायचं सॉफ्टवेअर २००१ सालचं. पतसंस्थेतलं खात्यांचा डेटा सांभाळणारं फॉक्सप्रो त्याच्याहूनही वयस्कर. काम होतंय तर बदलायचं कशाला, हा त्यांचा हिशोब मला पटतो. त्यामुळे "नवीन घेऊन टाका" असला सल्ला इथे मिळणार नाही.

तक्रारीनंतरचा प्रश्न ठरलेला असतो: "फॉरमॅट मारू का?" नका मारू. फॉरमॅटनंतर येणार ती विंडोज ११ च, म्हणजे जे आज अडलंय ते उद्याही तिथेच अडणार. वर फॉन्ट, सेटिंगं आणि सीडी कधीच हरवलेल्या सॉफ्टवेअरचे ड्रायव्हर जाणार ते वेगळंच.

बहुतेक वेळा सॉफ्टवेअरच्या फाइली जशाच्या तशा असतात. ते ज्याच्यावर टेकून उभं होतं ते सरकलेलं असतं: फॉन्टची जागा, डोंगलचा (सॉफ्टवेअरच्या यूएसबी लॉकचा) ड्रायव्हर, नेटवर्कची परवानगी, एखादी डीएलएल (प्रोग्रॅमला लागणारी मदतीची फाइल). नेमकं काय सरकलं ते शोधायचं आणि तेवढंच जागेवर बसवायचं.

आधी परतीची वाट राखा

जुन्या विंडोजवरूनच अपग्रेड केलं असेल, तर सी ड्राइव्हमध्ये 'विंडोज डॉट ओल्ड' नावाचा भलामोठा फोल्डर सापडेल. जुनी विंडोज त्यात असते. सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरी या वाटेने गेलात की 'गो बॅक' बटण दिसतं. ते फक्त १० दिवस चालतं. जागा भरली म्हणून कुणीतरी उत्साहाने 'टेम्पररी फाइल्स' साफ करतो, त्यात 'प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन' वर टिक राहते आणि परतीची वाट बंद होते. ऑफिसमधल्या सगळ्यांना सांगून ठेवा: सध्या साफसफाई नको.

१० दिवस कमी वाटत असतील तर मुदत ६० दिवसांपर्यंत वाढवता येते, पण पहिली मुदत संपायच्या आत. स्टार्टवर राइट क्लिक करून 'टर्मिनल (अ‍ॅडमिन)' उघडा आणि ही कमांड इंग्रजी अक्षरांत, आकडेही इंग्रजीच, टाका: डीआयएसएम /ऑनलाइन /सेट-ओएसअनइन्स्टॉलविंडो /व्हॅल्यू:६०. स्लॅशच्या आधी जागा सोडा, बाकी कुठे सोडू नका. मागे गेलात तर तुमच्या फाइली राहतात, अपग्रेडनंतर टाकलेली सॉफ्टवेअरं मात्र जातात.

मग एररचा फोटो काढा. "काहीतरी इंग्लिशमध्ये आलं होतं" यावर कुणीच काही करू शकत नाही. पूर्ण स्क्रीन येऊ द्या, नुसती चौकट नको. मागे कोणतं सॉफ्टवेअर उघडं होतं तेही बऱ्याचदा उत्तर देऊन जातं.

आता स्वतःला विचारा. सॉफ्टवेअर उघडतच नाही? की उघडतं, पण त्याला फॉन्ट, लॉक, प्रिंटर किंवा सर्व्हर दिसत नाही? की सगळं दिसतं, पण वागणं चुकतं? उघडत नसेल तर संशय डीएलएल, डॉट नेट (मायक्रोसॉफ्टचा मदतीच्या फाइलींचा संच) किंवा १६ बिटचा, म्हणजे डॉसच्या काळातल्या प्रोग्रॅमचा. दिसत नसेल तर ड्रायव्हर किंवा परवानगी. वागणं चुकत असेल तर कुणीतरी केलेलं एखादं सेटिंग, आणि हे 'कुणीतरी' बहुतेक वेळा ऑफिसातलंच असतं.

पेजमेकर, मराठी टायपिंग आणि 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर'

हा भाग मोठा आहे, कारण माझे निम्मे फोन याचेच.

लग्नसराईत एका प्रेसमधून फोन आला. पेजमेकर उघडतंय, जुन्या पत्रिका उघडतायत, फॉन्टही दिसतायत. पण मराठी टाइप करायला गेलं की 'चि.सौ.कां.' च्या जागी इंग्रजी अक्षरं. ऑपरेटर दादा म्हणाला, "लॉक गेलं बहुतेक." मी त्याला त्याच टायपिंग सॉफ्टवेअरने वर्डमध्ये टाइप करायला सांगितलं. तिथे मराठी झकास. म्हणजे लॉक ठीक, टायपिंगचं सॉफ्टवेअर ठीक, अडचण फक्त पेजमेकरच्या खिडकीत.

पेजमेकरच्या आयकॉनवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, 'कम्पॅटिबिलिटी' टॅब. 'रन धिस प्रोग्रॅम अ‍ॅज अ‍ॅन अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' वर टिक. ही टिक कुणीतरी कुठलातरी व्हिडिओ बघून मारलेली. व्हिस्टापासून विंडोजचा एक नियम आहे: साध्या अधिकारात चालणारा प्रोग्रॅम अ‍ॅडमिन अधिकारात चालणाऱ्या खिडकीच्या कीबोर्डमध्ये ढवळाढवळ करू शकत नाही. व्हायरसला अटकाव म्हणून तो नियम आहे. पण आपली जुनी मराठी टायपिंगची सॉफ्टवेअरं नेमकं तेच करून चालतात: तुम्ही दाबलेली की मधल्यामधे पकडायची आणि तिच्या जागी मराठी अक्षराचा कोड पुढे पाठवायचा. पेजमेकर अ‍ॅडमिन झालं आणि टायपिंग सॉफ्टवेअर साधंच राहिलं की ही पकड सुटते.

खात्री करायची असेल तर टास्क मॅनेजर उघडा, 'डीटेल्स' मध्ये जा, कॉलमच्या नावांवर राइट क्लिक करून 'सिलेक्ट कॉलम्स' मधून 'एलेव्हेटेड' हा कॉलम जोडा. एकासमोर 'येस' आणि दुसऱ्यासमोर 'नो' दिसलं की निदान झालं.

दोन्ही अ‍ॅडमिन केले तरी टायपिंग चालू होतं, पण मी तो मार्ग टाळते. अ‍ॅडमिन अधिकारात चालणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये फोल्डरमधून फाइल ओढून टाकता येत नाही आणि झेड किंवा वाय नावाने जोडलेले नेटवर्क ड्राइव्ह त्याला बहुधा दिसतच नाहीत. मग दुसऱ्या दिवशी नवा फोन: "मॅडम, सर्व्हर गेला." सर्व्हर कुठेही गेलेला नसतो.

पेजमेकरला अ‍ॅडमिन अधिकार का लागतात? कारण ते आपली सेटिंगं स्वतःच्याच फोल्डरमध्ये लिहायला बघतं आणि 'प्रोग्रॅम फाइल्स' मध्ये साध्या यूजरला लिहायची मुभा नाही. तर तेवढ्याच फोल्डरला मुभा द्या. पेजमेकरच्या फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, एडिट, 'यूजर्स' निवडून 'मॉडिफाय' वर टिक. नंतर ती अ‍ॅडमिनवाली टिक काढा. नव्याने टाकत असाल तर 'प्रोग्रॅम फाइल्स' ऐवजी सी ड्राइव्हमध्ये वेगळा फोल्डर करून तिथे टाका, हा प्रश्नच येणार नाही.

याच्याच पोटातली दुसरी भानगड म्हणजे हरवलेल्या फाइली. साध्या अधिकारात जुनं सॉफ्टवेअर 'प्रोग्रॅम फाइल्स' मध्ये लिहायला गेलं की विंडोज त्याला नाही म्हणत नाही. गुपचूप दुसरीकडे लिहून ठेवते. ती जागा: सी ड्राइव्ह, यूजर्स, तुमचं नाव, अ‍ॅपडेटा, लोकल, व्हर्च्युअलस्टोअर. अ‍ॅपडेटा लपलेला असतो, 'व्ह्यू', 'शो', 'हिडन आयटम्स' केल्यावर दिसेल. आता अपग्रेडच्या वेळी नवीन यूजर तयार झाला, किंवा सॉफ्टवेअर अचानक अ‍ॅडमिन म्हणून चालू लागलं, तर ते खऱ्या फोल्डरमध्ये बघतं आणि तिथे या फाइली नसतातच. एका दुकानात वर्षानुवर्षांची टेम्प्लेटं 'उडाली' म्हणून रडारड चालू होती. ती सगळी व्हर्च्युअलस्टोअरमध्ये निवांत बसलेली. कॉपी करून खऱ्या फोल्डरमध्ये आणा, पण आधी त्याची एक प्रत पेन ड्राइव्हवर घ्या.

फॉन्ट दिसत नसतील तर

विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीपासून फॉन्टवर राइट क्लिक करून 'इन्स्टॉल' म्हटलं की तो फक्त तुमच्या यूजरपुरता बसतो, तुमच्याच अ‍ॅपडेटा फोल्डरमध्ये. नव्या वर्डला तो दिसतो. पेजमेकर आणि कोरल (डिझाइनचं सॉफ्टवेअर) यांच्या जुन्या आवृत्त्या मात्र सी ड्राइव्हच्या विंडोज फोल्डरमधल्या 'फॉन्ट्स' कडेच बघतात, त्यांना तो दिसेलच असं नाही. म्हणून सगळे फॉन्ट निवडा, राइट क्लिक, 'इन्स्टॉल फॉर ऑल यूजर्स'. तो पर्याय दिसला नाही तर 'शो मोअर ऑप्शन्स' मध्ये बघा. झिप फाइल न उघडता आतूनच फॉन्ट टाकू नका, आधी बाहेर काढा. आणि पेजमेकर बंद करून परत उघडा, चालू असताना नवीन फॉन्ट त्याच्या यादीत येत नाही.

फॉन्ट आहे, पण अक्षरं फुटलीत? साधी अक्षरं नीट आणि जोडाक्षरांच्या, मात्रांच्या जागी चौकोन किंवा प्रश्नचिन्हं, असं असेल तर एका टिककडे बघा. विंडोज की आणि आर दाबा, आयएनटीएल डॉट सीपीएल (इंग्रजीत) टाइप करा, 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह' टॅब, 'चेंज सिस्टिम लोकेल'. तिथे 'बीटा: यूज युनिकोड यूटीएफ-८' अशी एक चौकट आहे. तिच्यावर टिक असेल तर काढा, वर भाषा इंग्लिश ठेवा आणि मशीन रिस्टार्ट करा. युनिकोड (सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना कोड देणारी एकच पद्धत) म्हणजे मराठीसाठी चांगलंच, अशा समजुतीने लोक ती टिक मारतात. पण श्रीलिपी, कृतिदेव, आयएसएम या टायपिंग सॉफ्टवेअरचे डीव्हीबी-टीटी हे जुने फॉन्ट युनिकोडच्या घरातले नाहीत. त्यांनी मराठी अक्षरं इंग्रजीच्या २५६ खणांत कोंबलेली आहेत. १२७ च्या वरच्या खणांत जे काही आहे ते यूटीएफ-८ लावलं की विस्कटतं. कोणती अक्षरं फुटतील हे फॉन्टच्या बनावटीवर. फाइल बिघडलेली नसते, फक्त चुकीची वाचली जात असते. म्हणून अशा अवस्थेत फाइल सेव्ह मात्र करू नका.

जुनी फाइल उघडताना पेजमेकर कधी कधी विचारतं की ही दुसऱ्या प्रिंटरसाठी रचली आहे, पुन्हा रचू का? घाईत 'येस' दाबलं की ओळी तुटायच्या जागा बदलतात आणि चार पानी अहवाल सव्वाचार पानी होतो. अपग्रेडनंतर प्रिंटरचं नाव बदललेलं असतं, शेवटी 'कॉपी १' वगैरे लागलेलं असतं. 'नो' म्हणा, फाइल सेव्ह न करता बंद करा, विंडोजमध्ये प्रिंटरला जुनंच नाव द्या, ड्रायव्हरही जुन्याच जातीचा ठेवा, मग परत उघडा. कोणत्या प्रिंटरसाठी रचना आहे ते 'डॉक्युमेंट सेटअप' मधल्या 'कंपोझ टू प्रिंटर' मध्ये कळतं.

मेनू मुंगीएवढे दिसत असतील किंवा अक्षरं धुरकट असतील तर पुन्हा कम्पॅटिबिलिटी टॅब, 'चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज', खालची 'ओव्हरराइड' ची टिक आणि यादीतून 'सिस्टिम (एन्हान्स्ड)'. त्याने नाही जमलं तर नुसतं 'सिस्टिम'.

डोंगल दिसत नाही

डोंगल, म्हणजे आपण ज्याला लॉक म्हणतो ते. यूएसबीत लावलं तर दिवा लागतो का? लागत असेल तर लॉक जिवंत आहे, संशय ड्रायव्हरवर. दिवा लागत नसेल तर दुसऱ्या पोर्टमध्ये लावून बघा, सीपीयूच्या मागच्या. हबमध्ये नको.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण दिसला की विंडोज सिक्युरिटी, डिव्हाइस सिक्युरिटी, 'कोअर आयसोलेशन डीटेल्स' मध्ये जा. 'मेमरी इंटिग्रिटी' चालू असेल तर जुने लॉक ड्रायव्हर ती लोड होऊ देत नाही. अनेकजण सरळ ती बंद करतात आणि लॉक दिसायला लागतं, मग तसंच ठेवतात. माझ्या मते ती शेवटची पायरी आहे. इंटरनेट बँकिंगही त्याच मशीनवर चालतं ना? आधी लॉक बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून सध्याचा ड्रायव्हर घ्या. सॉफ्टवेअरच्या जुन्या सीडीतला नको, तो बहुतेक एक्सपीच्या काळातला असतो. लॉक काढा, 'अ‍ॅप्स' मधून जुना ड्रायव्हर अनइन्स्टॉल करा, रिस्टार्ट, नवीन ड्रायव्हर टाका आणि मगच लॉक लावा. लॉक कोणत्या कंपनीचं ते त्याच्यावर बारीक अक्षरात असतं, नाहीतर सॉफ्टवेअर विकणाऱ्याला विचारा.

लॉक पॅरलल पोर्टचं असेल, तेच ते प्रिंटरच्या जाड पिनेचं, तर यूएसबी कन्व्हर्टरच्या नादी लागू नका. तो कन्व्हर्टर प्रिंटरसाठी असतो, लॉकसाठी नाही. लॉक बदलून मिळतं का ते विचारा.

पतसंस्थेचं फॉक्सप्रो

"धिस अ‍ॅप कान्ट रन ऑन युअर पीसी." हा निरोप आला आणि सॉफ्टवेअर डॉसवरचं (विंडोजच्या आधीच्या प्रणालीवरचं) असेल, तर कम्पॅटिबिलिटीच्या टिका मारण्यात वेळ घालवू नका. ६४ बिट विंडोजमध्ये डॉसचे आणि १६ बिटचे प्रोग्रॅम चालवायची सोयच नाही. तुमच्याकडे इतकी वर्षं ते चाललं, कारण मशीनवर ३२ बिट विंडोज होती. विंडोज ११ ची ३२ बिट आवृत्ती निघालेलीच नाही, म्हणून ३२ बिट विंडोज १० वरून सरळ अपग्रेडही होत नाही. नव्याने टाकावी लागते. म्हणजे इथे 'गो बॅक' हा पर्यायही नसतो.

आधी नक्की करा की ते डॉसचंच आहे. काळा-निळा पूर्ण स्क्रीन आणि माऊस नाही तर डॉस. नेहमीच्या खिडक्या, बटणं असतील तर ते बहुधा व्हिज्युअल फॉक्सप्रो. ते ३२ बिटचं आहे आणि विंडोज ११ वर चालतं. त्याला फक्त फोल्डरची परवानगी आणि जुन्या रनटाइम फाइली लागतात.

डॉसचं असेल तर पहिलं काम डेटा. डीबीएफ, सीडीएक्स आणि एफपीटी, या तिन्ही प्रकारच्या फाइली एकाच वेळी, सॉफ्टवेअर बंद असताना, दोन वेगळ्या ठिकाणी कॉपी करा. नुसत्या डीबीएफ उचलल्या तर शेरे आणि टिपणं एफपीटीत मागे राहतात.

नंतर दोन रस्ते. एकाच काउंटरवर काम असेल आणि मुख्यतः जुन्या खात्यांचे उतारे बघायचे असतील तर डॉसची नक्कल करणारं डॉसबॉक्स-एक्स पुरतं. पण साध्या डॉसबॉक्समधून दोन काउंटरवर एकाच फाइलीत एन्ट्री करू नका. ते बनवलंय जुन्या खेळांसाठी. रेकॉर्ड लॉक होण्याची हमी त्यात नाही. दोन क्लार्कनी एकाच खात्याला एकाच वेळी हात घातला तर शिल्लक कुणाची खरी, हे नंतर कुणालाच सांगता येणार नाही. ऑडिटला ते चालणार नाही.

दुसरा रस्ता व्हर्च्युअल मशीनचा, म्हणजे विंडोजच्या आत चालणाऱ्या दुसऱ्या विंडोजचा. व्हर्च्युअलबॉक्स टाकायचा, त्यात तुमच्या लायसन्सची ३२ बिट विंडोज ७ किंवा एक्सपी बसवायची आणि तिच्या आत फॉक्सप्रो. या आतल्या विंडोजचं इंटरनेट बंद ठेवा. विंडोज ७ ला जानेवारी २०२० पासून सुरक्षा अपडेट नाहीत, एक्सपीला एप्रिल २०१४ पासून. सेटिंगमध्ये नेटवर्क अ‍ॅडॉप्टरचा प्रकार 'होस्ट-ओन्ली' केलात की ती बाहेर जात नाही, बाहेरच्या मशीनशी मात्र फोल्डरची देवघेव चालते. सकाळी आतली विंडोज उघडायला दोन क्लिक जास्त लागतात म्हणून कॅशियर काका कुरकुर करतात. करू द्या.

एखादं मशीन अजून विंडोज १० वरच असेल आणि काम पूर्णपणे डॉसवर अवलंबून असेल, तर ते घाईने हलवू नका. ते नेटपासून तोडून तसंच चालवता येतं. घरगुती मशीनला एक्स्टेंडेड सिक्युरिटी अपडेटमध्ये नाव नोंदवून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत अपडेटही मिळतात. संस्थांसाठीची योजना वेगळी आणि पैसे भरून घ्यायची.

उघडतच नाही: डीएलएल आणि डॉट नेट

"एमएसव्हीसीआर१०० डॉट डीएलएल मिसिंग" असं आलं की लोक गुगलवर त्याच नावाची फाइल शोधतात, कुठल्यातरी साइटवरून उतरवतात आणि सिस्टिम३२ मध्ये टाकतात. असली मशिनं माझ्याकडे दुसऱ्यांदा येतात, तेव्हा व्हायरससकट. ती फाइल मायक्रोसॉफ्टच्या व्हिज्युअल सी++ च्या संचातली आहे आणि संच मायक्रोसॉफ्टच्याच साइटवर फुकट आहे. नावातल्या आकड्यावरून वर्ष कळतं: १०० म्हणजे २०१० चा संच, १२० म्हणजे २०१३ चा, १४० म्हणजे २०१५ पासून पुढचा. विंडोज ६४ बिट असली तरी जुनं सॉफ्टवेअर ३२ बिटचं असतं, म्हणून एक्स८६ वाला संच टाकाच. एक्स६४ पण टाकून ठेवा, बिघडत नाही.

डॉट नेट ३.५ मागत असेल तर स्टार्टमध्ये 'टर्न विंडोज फीचर्स ऑन ऑर ऑफ' शोधा आणि सगळ्यात वरच्या डॉट नेट ३.५ वर टिक करा. नेटवरून उतरताना अडकलं तर विंडोज ११ चा आयएसओ (इन्स्टॉलेशनच्या डिस्कची एकत्र फाइल) पेन ड्राइव्हवर घ्या. त्यातल्या 'सोर्सेस', 'एसएक्सएस' फोल्डरमधून ते बसवता येतं.

आणि एकाच वेळी पाच-सहा गोष्टी मोडल्या असतील, अगदी स्टार्ट मेनूसुद्धा अडखळत असेल, तरच विंडोजच्या स्वतःच्या फाइलींवर संशय घ्या. अ‍ॅडमिन टर्मिनलमध्ये आधी डीआयएसएम /ऑनलाइन /क्लीनअप-इमेज /रिस्टोअरहेल्थ, ते संपल्यावर एसएफसी /स्कॅननाऊ. एका पेजमेकरसाठी हे तासभर चालवणं म्हणजे नुसता चहा पिण्याचा बहाणा.

मराठी कागदपत्रं आणि सह्या

वर्डमधल्या मंगल फॉन्टच्या फाइली वेगळ्या दिसायला लागल्या, पानं वाढली? विंडोज १० पासून मंगल, कोकिळा, उत्साह, अपराजिता हे फॉन्ट मूळ विंडोजसोबत येत नाहीत. नवीन विंडोजवर मंगलच्या जागी निर्मला यूआय घुसतो आणि त्याची उंची-रुंदी वेगळी. सेटिंग्ज, सिस्टिम, 'ऑप्शनल फीचर्स', 'व्ह्यू फीचर्स' मध्ये 'देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स' शोधा आणि टाका. काम संपलं. युनिकोड टायपिंगसाठी भाषेच्या सेटिंगमध्ये मराठी जोडा. तिथे इन्स्क्रिप्ट आणि फोनेटिक दोन्ही कीबोर्ड आहेत, बाहेरून काही टाकायची गरज नाही.

डिजिटल सहीचं टोकन दिसत नसेल तर टोकनच्या कंपनीचा सध्याचा ड्रायव्हर टाका आणि जीएसटीसाठी ईएमसायनर, इन्कम टॅक्ससाठी ईएमब्रिज ही सही करायची सॉफ्टवेअरं नव्याने टाका. टोकनचा पासवर्ड अंदाजाने टाकत बसू नका, ठरावीक चुकांनंतर ते लॉक होतं. आणि एखादी जुनी साइट अजून इंटरनेट एक्सप्लोररच मागत असेल, तर तो १५ जून २०२२ ला निवृत्त झाला आहे, पण एजच्या आत त्याचा मोड आहे. एजच्या सेटिंग्जमध्ये 'डीफॉल्ट ब्राउझर', 'अलाऊ साइट्स टू बी रीलोडेड इन इंटरनेट एक्सप्लोरर मोड' ला 'अलाऊ', आणि खाली साइटचा पत्ता जोडा. ही नोंद ३० दिवसांनी आपोआप गळते. दर महिन्याच्या रिटर्नला साइट बिघडली असं वाटतं ते त्यामुळे.

प्रिंटर आणि शेअर फोल्डर

शेअर केलेला फोल्डर उघडत नाही, पासवर्ड मागतो, आणि पासवर्ड तर कधी ठेवलेलाच नव्हता. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून, विशेषतः प्रो मध्ये, बिनपासवर्डच्या पाहुण्याला शेअर फोल्डरमध्ये प्रवेश नाही. ज्या मशीनवर फोल्डर आहे तिथे पासवर्डसह एक लोकल यूजर तयार करा, फोल्डर त्याला शेअर करा आणि बाकीच्या मशिनींवर 'क्रेडेन्शियल मॅनेजर' मध्ये तेच नाव आणि पासवर्ड टाकून ठेवा. रोज विचारणार नाही.

शेअर प्रिंटर जोडताना शेवटी ११बी किंवा ७०९ असा एरर आला तर प्रिंटरचा ड्रायव्हर आधी स्वतःच्या मशीनवर टाका. मग 'अ‍ॅड मॅन्युअली', 'लोकल पोर्ट', आणि पोर्टच्या नावात दोन उलट्या स्लॅश, मशीनचं नाव, एक उलटी स्लॅश, प्रिंटरचं शेअर नाव. रजिस्ट्रीत बदल करून सुरक्षा सैल करायचे उपाय नेटवर भरपूर आहेत; या वाटेने बहुधा त्यांची गरज पडत नाही.

जुन्या झेरॉक्स मशीनचं 'स्कॅन टू फोल्डर' बंद पडलं असेल तर ते एसएमबी १ या फोल्डर शेअर करायच्या जुन्या पद्धतीवर चालत होतं. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय व्हायरसने जगभर मशिनं कुलूपबंद केली ती त्याच्याच भोकातून, म्हणून विंडोज ते आता मुळातच बसवत नाही. फीचर्समध्ये जाऊन चालू करता येतं, पण नका करू. मशीनवाल्याकडे नवीन फर्मवेअर मागा, नाहीतर एफटीपी किंवा ईमेलवर स्कॅन लावून घ्या. एवढा खटाटोप नको असेल तर पेन ड्राइव्ह आहेच.

डॉट मॅट्रिक्स प्रिंटरचा प्रश्न वेगळाच. छापतो, पण पावतीची रक्कम नावाच्या ओळीत आणि तारीख फॉर्मच्या बाहेर. अपग्रेडनंतर कागदाचा आकार ए४ किंवा लेटर झालेला असतो. छापील फॉर्मच्या दोन फाडणींमधलं अंतर पट्टीने इंचात मोजा. सेटिंग्जमध्ये 'प्रिंटर्स अँड स्कॅनर्स', खाली 'प्रिंट सर्व्हर प्रॉपर्टीज', तिथे 'क्रिएट अ न्यू फॉर्म', त्याला 'पावती' असं काही नाव आणि मोजलेला आकार. हा आकार दोन ठिकाणी निवडायचा असतो आणि लोक एकाच ठिकाणी निवडतात: एकदा 'प्रिंटिंग प्रेफरन्सेस' मध्ये, ते तुमच्या यूजरपुरतं, आणि एकदा प्रिंटर प्रॉपर्टीजमधल्या 'अ‍ॅडव्हान्स्ड' टॅबच्या 'प्रिंटिंग डीफॉल्ट्स' मध्ये, ते सगळ्यांसाठी. पहिली पावती कोऱ्या कागदावर काढा, छापील फॉर्मवर ठेवून ट्यूबलाइटसमोर धरा. सगळं सारखंच एक-दोन रेघा वरखाली असेल तर सॉफ्टवेअरला हात लावू नका, प्रिंटरच्या मायक्रो फीडने कागद सरकवा. पण प्रत्येक पावतीगणिक फरक वाढत जात असेल तर फॉर्मची उंची चुकली आहे, पट्टी घेऊन पुन्हा मोजा.